रेकॉर्डिंग चालू आहे, मोटर बंद करा

घरच्या घरी स्वस्तात गाणं कसं रेकॉर्ड करावं हे शिकवणारे जगात जेवढे गुरू आहेत, ते सगळे पहिला धडा एकच देतात : घरातली एक शांत खोली निवडा. हा धडा ज्यानं पहिल्यांदा दिला तो खुटबावला आलेला नसणार.

पुण्याहून दौंडकडं निघालेल्या पॅसेंजरनं यवत सोडलं की खुटबाव, आणि त्यापुढं केडगाव. स्टेशनात उतरलेला शहरी पाहुणा चार पावलं चालतो, उसाकडं बघतो, छाती भरून श्वास घेतो आणि म्हणतो, "वा! काय शांतता आहे हो तुमच्याकडं!" त्याचं वाक्य संपेपर्यंत सोलापूरकडून आलेली, इथं न थांबणारी एखादी एक्स्प्रेस हॉर्न देत निघून जाते. तरी पाहुण्याचं मत बदलत नाही. कारण पाहुण्यानं माईक आणलेला नसतो.

आमच्या पुतण्यानं माईक आणला.

पुतण्या गाणी स्वतः लिहितो, चाली स्वतः लावतो आणि ती स्वतःच गातो, म्हणजे दोष द्यायला दुसरा माणूस ठेवलेला नाही. विषय दोनच : न मिळालेली मुलगी आणि न मिळालेला कांद्याचा भाव. काही गाण्यांत दोन्ही दुःखं एकत्र येतात आणि कडव्याच्या शेवटी नेमकं कोण गेलं, मुलगी की बाजार, हे कळत नाही. पुण्यातल्या स्टुडिओत तासाला पैसे मोजावे लागतात, त्यापेक्षा घरीच स्टुडिओ करू, असा प्रस्ताव त्यानं आण्णांपुढं, म्हणजे माझ्या थोरल्या भावापुढं ठेवला. सोबत पुरावे जोडले.

पहिला पुरावा 1902 सालचा. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा माईक नव्हताच. गाणाऱ्यानं एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, तीनेक मिनिटांत सगळं आटपायचं आणि शेवटी आपलं नाव मोठ्यानं सांगायचं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या माणसाला कुणाचं गाणं हे समजायला नको? आजची पोरं गाण्याच्या शेवटी 'चॅनेलला सबस्क्राइब करा' म्हणून ओरडतात, ती प्रथा इतकी जुनी आहे.

दुसरा पुरावा अमेरिकेचा. 1979 साली टॅस्कॅम कंपनीनं पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र काढलं. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक घेता यायचे : आधी गिटार, मग तिच्यावर आवाज, मग आणखी काही. ब्रूस स्प्रिंगस्टीन नावाच्या गायकानं 1982 च्या जानेवारीत हे यंत्र झोपायच्या खोलीत मांडलं आणि नव्या गाण्यांचा कच्चा खर्डा केला. नंतर तीच गाणी स्टुडिओत, सगळा वाद्यवृंद घेऊन करून पाहिली, पण खर्ड्याची मजा येईना. शेवटी घरची कॅसेटच 'नेब्रास्का' या नावानं बाजारात आली. मधल्या काळात ती कॅसेट तो कव्हर न घालता खिशात घेऊन हिंडत होता. तिसरा पुरावा 2020 चा : बिली आयलिश आणि तिचा भाऊ यांनी घरातल्या झोपायच्या खोलीत केलेल्या अल्बमला ग्रॅमीत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या स्प्रिंगवाल्याला वडिलोपार्जित जमीन किती व्हती?"

पुतण्यानं शेवटचं अस्त्र काढलं, ते म्हणजे 'फुकट' हा शब्द. संगणकावर आवाज कापायला-जोडायला ऑडॅसिटी नावाची प्रणाली आहे, 2000 सालापासून फुकट. फोनवर बँडलॅब आहे, तेही फुकट. फोन घरात आहेच. राहता राहिला माईक. तिथं मात्र आण्णांनी पाकीट काढलं, कारण बाकीचं फुकट असताना एकट्या माईकला नाही म्हणणं त्यांना अवघड गेलं. दुकानदार याच भरवशावर जगतात.

माईकच्या दोन जाती. एक डायनॅमिक. गावात जत्रेच्या स्टेजवर, लग्नात, ग्रामसभेत जो हातात धरतात तो. हा स्वभावानं आळशी. तोंडाशी नेल्याशिवाय त्याला काही ऐकू येत नाही, म्हणून तर ग्रामसभेत मागच्या रांगेतलं कुणाचं काही इतिवृत्तात येत नाही. दुसरा कंडेन्सर. हा कानाचा तिखट. बारीकसारीक सगळं टिपतो, पण त्याला चालायला 48 व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो आणि तो देणारा ऑडिओ इंटरफेस नावाचा डबा चार-पाच हजारांपासून पुढं मिळतो. "सिंगल फेजवर चालंल ना?" एवढं एकच आण्णांनी विचारून घेतलं. पुतण्यानं अर्थातच कंडेन्सर घेतला.

त्या दिवशी आमच्या घराला पहिल्यांदा कळलं की आपण किती गोंगाटात राहतो.

पहाटे देवळाचा भोंगा. त्याच्याशी चढाओढ करणारा कोंबडा. मग दूध घालायला निघालेल्या मोटारसायकली. मोकळ्या किटल्या एकमेकींवर आपटत जातात तो आवाज त्या माईकमध्ये रणवाद्यासारखा येतो. नंतर कुकर. आमच्या घरी तीन शिट्ट्यांना डाळ शिजते, पण तिसरी शिट्टी नेमकी कधी होईल हे आमच्या वहिनींनासुद्धा सांगता येत नाही. दहाच्या सुमारास भंगारवाला. पलीकडं गुऱ्हाळाचा चरक. आमच्या दौंड भागातली गुऱ्हाळं दिवाळी-संक्रांत बघत नाहीत, बहुतेक वर्षभर चालूच. अधूनमधून रेल्वे. संध्याकाळी भजन. रात्री सगळं निवलं म्हणावं, तर शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीची असली की मोटरी रात्री सुरू होतात. मोटर थांबली की बेडूक. बेडूक थांबले की कुत्री, कारण एवढं सामसूम झालेलं त्यांना संशयास्पद वाटतं.

पुतण्या हेडफोन लावून हे सगळं ऐकत बसायचा. "काका, कमाल बघा, माईक लय भारी हाय. सगळं येतंय. माझा आवाज तेवढा येत न्हाय."

दिवसाचं हे झालं. वर्षाचं कॅलेंडर पाहिलं तर आणखी बिकट. पुतण्यानं ठरवलं, कारखान्याचा पट्टा पडू दे, मग निवांत रेकॉर्डिंग करू. हंगाम चालू असेपर्यंत रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जातात, आणि एकेका ट्रॅक्टरवर लग्नाला पुरतील एवढे स्पीकर. पट्टा पडला तसं लग्नसराई लागली आणि तेच स्पीकर मांडवात आले. लग्नं उरकली तोवर तुकोबांच्या पालखीचा मुक्काम शेजारच्या यवतला आला. रस्ते टाळ-मृदंगानं भरून गेले आणि अशा वेळी खोलीत कोंडून घेऊन विरहगीत गाणाऱ्या पोराकडं घरचे रागानं बघतात. मग पाऊस. आमच्या वरच्या खोलीवर पत्रा आहे, आणि पत्र्यावर पाऊस पडत असताना शेजारी बसलेला माणूस आपल्याशी बोलतोय हे त्याच्या ओठांवरूनच कळतं. मग गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी, आणि दिवाळी झाली न झाली तोच कारखान्याचा बॉयलर पेटतो.

आता खोलीचं. बाहेरचा आवाज आवरता येत नसेल तर निदान आतला आवरावा, हा दुसरा धडा. खोली कशी आहे ते कळायला मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायची. टाळीमागून 'टण्ण' असा शेपटीसारखा आवाज आला तर खोली वाईट. पुतण्या घरभर टाळ्या वाजवत फिरला. आईला वाटलं आरती लागली. ती हात जोडून उठली.

पूर्वीचं आमचं घर मातीचं होतं. जाड भिंती, सारवलेली जमीन. तिथं आवाज मुरायचा. मग आम्ही सुधारलो : सिमेंटचा गिलावा, स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी. आता आवाज भिंतीवर आपटून फरशीवर येतो आणि फरशीवरून पुन्हा छताला भेटून येतो. त्यात स्वयंपाकघरातली मांडणी. पुतण्यानं वरचा सा लावला की मांडणीवरच्या फुलपात्रांतलं डावीकडून तिसरं फुलपात्र हमखास गुणगुणतं. बाकीची गप्प, हेच एक. त्याची आणि त्या सुराची कंपनसंख्या जुळते, हे शास्त्र. वहिनींनी ते फुलपात्र पालथं घातलं, तर ते थोडं वेगळ्या सुरात गुणगुणायला लागलं.

भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा असं कुणीतरी सांगितलं. हा उपाय जगभर प्रसिद्ध आहे आणि जगभर निकामी आहे. पुठ्ठ्याचा तो पातळ ट्रे बाहेरचा आवाज अजिबात अडवत नाही, आतल्या आवाजातला थोडा तीक्ष्णपणा खातो इतकंच. वर ठिणगी पडली तर झटकन पेटतो. शिवाय माळकरी घरात एवढे ट्रे आले कुठून, हे गावाला समजावून सांगणं कुठल्याही गाण्यापेक्षा अवघड.

खरा उपाय घरातच होता आणि त्याला छदामही पडला नाही. आईच्या हातच्या गोधड्या. जुनी लुगडी, धोतरं, कुणाच्या शाळेच्या शर्टाचा तुकडा, असे पाच-सहा थर एकावर एक घालून हातानं धावदोरा घातलेला. आवाज जिरवायला असंच जाड, मऊ, सच्छिद्र काहीतरी लागतं. परदेशात लोक यासाठी रजया टांगतात किंवा कपड्यांच्या कपाटात तोंड घालून गातात. आमच्याकडं धान्याच्या खोलीत गव्हाच्या पोत्यांची थप्पी होती, कापसाच्या गाद्यांची चवड होती. वर दोरी बांधून तीन बाजूंनी गोधड्या सोडल्या. पुन्हा टाळी वाजवली. 'टप्'. शेपूट गायब. पुण्यातल्या स्टुडिओवाल्यानंही मान डोलावली असती.

फक्त पंखा बंद करावा लागतो, कारण कंडेन्सरला पंखा म्हणजे वादळ. एप्रिलमधली दुपार, धान्याची बंद खोली, तिन्ही बाजूंनी गोधड्या, आणि आत विरहगीत. आईनं दार ढकलून पाहिलं आणि घाबऱ्याघाबऱ्या हाक मारली, "आगं सूनबाई, पोराला थंडीताप भरलाय बघ, गोधड्या घेऊन कण्हतंय!"

माईकपासून तोंड साधारण वीतभर लांब ठेवावं, हेही शिकण्यासारखं. त्याहून जवळ गेलं की 'प', 'फ', 'भ' या अक्षरांच्या हवेचा फटका माईकला बसतो आणि हेडफोनमध्ये तोफ डागल्याचा भास होतो. आता मराठीत प्रेम, प्रीत, फूल, फुलपाखरू, भेट आणि भास एवढे शब्द वर्ज्य करून प्रेमगीत कसं लिहावं? त्यासाठी माईकपुढं लावायची जाळी विकत मिळते. वहिनींनी भरतकामाच्या रिंगवर तलम ओढणीचा तुकडा ताणून बसवला; काम तेच. तोंड किंचित तिरपं धरलं तर तेवढंही लागत नाही.

आवाज लहानमोठा करायलाही अंतरच कामी येतं. 'महल' या 1949 च्या चित्रपटात 'आयेगा आनेवाला' गाताना लताबाई दूरवरून गात गात माईककडं चालत आल्या होत्या, म्हणून तो आवाज लांबून येतोय असं वाटतं. पुतण्यानंही दारापासून चालत यायचं ठरवलं. वाटेत पेंडीची बादली होती. त्या गाण्यात एक आवाज अगदी जवळून आल्यासारखा वाटतो, तो बादलीचा.

माईक नको, नुसत्या फोनवर करतो म्हणणाऱ्यांनी फोनचा स्वभाव ओळखून असावं. फोन बनवलाय बोलण्यासाठी. एकसुरी, न थांबणारा आवाज कानावर आला की तो पंखा किंवा गाडीचं इंजिन समजून कापून टाकायचा, ही त्याला दिलेली शिकवण. तंबोरा आणि पेटीचा धरलेला सूर हेही एकसुरी आणि न थांबणारे. त्यामुळं फोनच्या दृष्टीनं तंबोरा म्हणजे कचरा. लॉकडाउनमध्ये व्हिडिओ कॉलवर गाणं शिकवणाऱ्या कित्येक गुरुजींनी हा अपमान सोसला. हे आवाजगाळप बंद करायची सोय बऱ्याच ठिकाणी सेटिंगमध्ये असते. ती शोधून ठेवावी.

दुसरा सापळा ब्लूटूथचा. वायर नसलेल्या हेडफोनमध्ये आवाज पोचायला सेकंदाचा छोटासा अंश उशीर होतो. गप्पांना तेवढा चालतो, तालाला चालत नाही. पुतण्या कानात येणाऱ्या तबल्यावर चोख गायचा आणि नंतर ऐकावं तर प्रत्येक समेला मागं. भजनी मंडळातले एक ज्येष्ठ टाळकरी ते ऐकून म्हणाले, "आरं, पंगतीला उशिरा यावं, समेला येऊ नये." शंभरेक रुपयांचा वायरवाला हेडफोन आणला आणि पोरगं सुतासारखं सरळ झालं.

राहिला सूर. त्यावरही आता औषध आहे. ऑटो-ट्यून ही करामत 1997 साली बाजारात आली. ती काढणारा अँडी हिल्डेब्रँड हा मूळचा भूगर्भातला माणूस. जमिनीत हादरे सोडून, परत येणाऱ्या लहरींवरून खाली तेल कुठं आहे हे शोधण्याचं गणित त्याला येत होतं. तेच गणित त्यानं गळ्याला लावलं. आमच्याकडं बोअर घ्यायच्या आधी तळहातावर नारळ ठेवून रानभर फिरणारी माणसं आहेत, पण त्यांच्यापैकी कुणाला आजवर संगीतात पडावंसं वाटलेलं नाही, हे गावाचं नशीब. ऑटो-ट्यूनची गंमत अशी की ते सुराला जवळच्या पट्टीवर नेऊन बसवतं. आपल्याकडची मींड पट्ट्यांच्या मधल्या जागेतूनच जाते. यंत्र जोरात लावलं की त्या मींडेच्या पायऱ्या होतात. पुतण्यानं ते लावून ऐकवलं तेव्हा आण्णा म्हणाले, "ह्यो तू न्हाय. बँकेतली ती बाई हाय, टोकन नंबर पुकारणारी."

या सगळ्या गदारोळात एका दुपारी, नवीन माईक चालतोय का बघायला म्हणून, पुतण्या आईला म्हणाला, "आजी, काहीतरी म्हण." ती गहू निवडत होती. तिनं निवडता निवडताच ओवी धरली. बाहेर मोटर चालू होती. पुतण्या उठला, "थांब, मोटर बंद करून येतो." तर ती म्हणाली, "आसू दे की. ती काय करतीया मला? जात्याची घरघर काय कमी व्हती व्हय?"

आणि म्हातारी बरोबर होती. महाराष्ट्रातल्या बायांनी जी गाणी रचली ती शांत खोली निवडून रचलेली नाहीत. पहाटेचा अंधार, दगडावर दगड फिरतोय, मांडीवर पोर रडतंय, आणि त्या घरघरीच्याच ठेक्यावर ओवी. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या बायांना घेऊन अशा एक लाखाहून जास्त ओव्या हजाराहून अधिक गावांतून गोळा केल्या. बर्नार बेल या संगणकाच्या जाणकारानं 1990 च्या दशकात त्यांतल्या कित्येक गाणाऱ्यांच्या घरी जाऊन ध्वनिमुद्रित केल्या. 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात आज त्या कुणालाही ऐकता येतात. त्या बायांनी ना इंटरफेस पाहिला होता, ना हेडफोन. पण दळण संपायच्या आत ओवी पुरी व्हायची, हा त्यांचा नेम पक्का. आमच्या पुतण्याच्या फोनमध्ये अर्धवट गाण्यांची वीस-बावीस फायलींची चवड होती. आईची ओवी एका दमात झाली, आणि ती पुन्हा गहू निवडायला लागली.

त्यानंतर पुतण्यानं एक गाणं खरोखर पुरं केलं. कांद्याचं. त्यात मागं कुठंतरी रेल्वेचा हॉर्न आहे आणि तो चुकून सुरात बसलाय. परदेशी ध्वनितज्ज्ञ म्हणे तयार गाणं मोटारीतल्या साध्या टेपवर वाजवून बघतात, कारण लोक तिथंच ऐकणार. आमच्याकडं त्यासाठी ट्रॅक्टर आहे. ओळखीच्या एका ड्रायव्हरनं पेनड्राइव्हवर गाणं घेतलं, दोन ट्रॉल्या ऊस ओढत चौफुल्यापर्यंत जाऊन आला आणि निकाल दिला, "शब्द झ्याक हायत. बेस कमी पडतोय." एवढी अचूक समीक्षा पैसे देऊनही मिळत नाही.

तेव्हा ज्यांना सुरू करायचंय त्यांनी उलट्या क्रमानं खर्च करावा. आधी हातातला फोन, एरोप्लेन मोडवर टाकून, नाहीतर नेमक्या चढाच्या तानेला सोसायटीच्या वसुलीचा कॉल येतो. मग वायरवाला हेडफोन. मग गोधड्या. फाईल व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, साधी ऑडिओ म्हणून गेली तर वाटेत तिचा जीव जायची भीती. चार-पाच गाणी शेवटपर्यंत झाली की मग माईक, आणि तोही गोंगाटाच्या घरात डायनॅमिकच बरा. तिखट कानाचा पाहुणा घरात ठेवणं परवडत नाही. इंटरफेस सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केलेल्यांची यंत्रं जुन्या बाजारात अगदी कोऱ्यासारखी मिळतात, तीही बघून ठेवावीत.

आणि घरात म्हातारं माणूस असेल तर पहिलं गाणं त्याचं घ्या. आपलं पुढच्या आठवड्यातही होईल.